पत्ता विचारा

कार्यालयात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत आणि तिला ते कौतुक वाटे. शाळेची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेत ती मुद्रितशोधक होती. चुका काढणं हे तिचं काम होतं, पण खरा जीव होता तो काटछाट करण्यात. एकच गोष्ट कुणी दोनदा सांगितली की तिच्या हातातलं लाल पेन आपोआप उघडायचं. लेखक मंडळी तिच्या टेबलावरून जाताना आवाज खाली आणत. घरातही तीच तऱ्हा. नवऱ्याने पाहुण्यांसमोर जुना विनोद काढला की ती शेवटचं वाक्य आधीच सांगून चहा ठेवायला उठायची.

सासऱ्यांना मात्र या कात्रीचं फार कौतुक होतं. ते टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे लोक फिरायला जाऊ लागले, जग कसं बिघडलंय यावर बोलू लागले. सासऱ्यांनी वेगळंच खूळ घेतलं. संगणक जिच्यावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टिम आयती न घेता, तिचा सोर्स, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर आणायचा आणि एकेक भाग घरच्या घरी बांधत जायचं. यातून काय मिळतं, असं मुलाने एकदा विचारलं. काही मिळत नाही, पण आत काय चाललंय ते कळतं, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्यांच्यासारख्या खुळ्या मंडळींचा एक गट होता. एकमेकांना कधी न भेटलेले लोक, सगळा व्यवहार ईमेलवर. त्या गटाला एक पुस्तिका हवी होती, अगदी नवख्या माणसाला हाताला धरून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नेणारी, आपल्या भाषेतली. ती सासऱ्यांनी लिहायला घेतली. लिहून झाली तेव्हा कागदांचा गठ्ठा सुनेपुढे ठेवून ते म्हणाले, की यातलं संगणकाचं तू बघू नकोस, भाषेचं बघ. मी आयुष्यभर बिघाडाचे अहवाल लिहिले, त्यात भाषा नसते.

गटाचा एक नियम होता, ‘बांधून बघ’. पुस्तिकेत जो कुणी काही बदलेल, त्याने तो बदल धरून संपूर्ण सिस्टिम स्वतः बांधून बघायची आणि मगच बदल पुढे पाठवायचा. स्वल्पविराम बदलला तरी हेच. सुनेला या नियमातून सासऱ्यांनी स्वतःच सूट दिली. भाषेने कधी संगणक बिघडलाय का, असं ते हसत म्हणाले होते. तीही हसली होती.

पुस्तिका तिला आवडली, हे खरं. पण एका गोष्टीने तिचं डोकं उठलं. नवी सिस्टिम डिस्कच्या एका रिकाम्या कप्प्यात बांधायची असते. तो कप्पा कुठला, हे संगणकाला सुरुवातीला सांगावं लागतं. सासऱ्यांनी त्याला ‘पत्ता’ असं साधं नाव दिलं होतं. संगणक बंद करून परत सुरू केला की तो पत्ता विसरतो. आणि पत्ता नसताना पुढची आज्ञा दिली तर तो कुरकुर करत नाही, नवे भाग सरळ चालत्या सिस्टिमवर आणून ओततो. घर बांधायचं शेजारच्या मोकळ्या जागेत आणि विटा पडतात राहत्या स्वयंपाकघरात, असा प्रकार. म्हणून सासऱ्यांनी पहिल्या प्रकरणात मोठी सूचना दिली होती: काम परत सुरू करताना आधी संगणकाला पत्ता विचारा. इथवर ठीक. पण पुढे कंपायलर, कर्नल अशा सिस्टिमच्या एकेका भागाचं प्रकरण होतं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर परत तेच. शब्द थोडे वेगळे, कुठे एखादी कोपरखळी, पण गोष्ट तीच. थांबा, पत्ता विचारा. थांबा, पत्ता विचारा.

एका ठिकाणी तर तिला वाचताना हसू आलं होतं. हसत हसतच तिने त्यावर रेघ मारली. पहिली सूचना ठेवली आणि बाकी सगळ्या उडवल्या.

गठ्ठा परत देताना, पुनरुक्ती होती ती काढली आहे, एवढं तिने सांगितलं होतं. सासऱ्यांनी मान डोलावली. तिची लाल शाई दिसली की ते वाचत बसत नसत, सांगितलेलं करत. एका दुपारी गाणी ऐकत त्यांनी सगळ्या दुरुस्त्या स्वतःच संगणकात उतरवल्या आणि कागद रद्दीत घातले. एक्स्चेंजमधली सवय होती ती. नवा नकाशा आला की जुना तिथल्या तिथे फाडायचा, नाहीतर कुणीतरी नेमका जुना बघून तारा जोडतो. संगणकातही ते जुनी प्रत ठेवत नसत. गटातले लोक त्यावरून त्यांच्यापुढे हात टेकत. मग नियमाप्रमाणे सासऱ्यांनी सिस्टिम बांधून बघितली. ती उत्तम बांधली गेली, कारण त्यांचा संगणक कधी बंदच होत नसे. पुस्तिका गटाने सर्वांसाठी खुली केली.

आणि मग ते पत्र आलं.

गुरांचा एक डॉक्टर होता. दिवसभर गोठे फिरून संध्याकाळी घरी येई आणि तासभर पुस्तिका उघडून बसे. नवखाच. रोज थोडं काम करायचं आणि संगणक बंद करून झोपायचं. अशात एका संध्याकाळी त्याने पुढचं प्रकरण उघडलं, आज्ञा दिली आणि त्याची चालती सिस्टिम मोडली. दुरुस्त करायच्या नादात डिस्कच पुसली गेली. तिच्यावर त्याच्या मुलीचे जन्मापासूनचे फोटो होते. दुसरीकडे ठेवायला हवे होते, ही माझीच चूक, असं त्याने लिहिलं होतं. पण पुस्तिकेत ही सूचना एकाच जागी आहे, ती पुढेही असती तर बरं झालं असतं, असंही लिहिलं होतं. रागाचा एक शब्द नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ते पत्र तिने सासऱ्यांच्या खुर्चीमागे उभं राहून वाचलं. काय झालंय हे त्या घरात फक्त तिला कळलं होतं.

सासऱ्यांनी पुस्तिका उघडली आणि एकेक प्रकरण चाळलं. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्याशी थांबत होते. शेवटी म्हणाले, “मी लिहिलं होतं गं हे. प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं, मला चांगलं आठवतंय.”

तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं तिने. तेवढ्यात दाराची बेल वाजली, नवरा कामावरून आला, त्याच्या हातात भाजीच्या पिशव्या होत्या, एक फाटली, टोमॅटो जिन्यावरून घरंगळत खाली गेले. ते गोळा करून ती वर आली तोवर सासऱ्यांनी डॉक्टरला आणि सगळ्या गटाला उत्तर पाठवूनही दिलं होतं. चूक माझी आहे, सूचना प्रत्येक प्रकरणात हवी होती, ती मी लिहिली असं मला वाटत होतं, पण मी विसरलो. मला क्षमा करा.

आता बेलला आणि टोमॅटोला किती दोष द्यायचा? उत्तर गेलं म्हणून सत्य काही शिळं होत नव्हतं. जेवताना सांगता आलं असतं. पण जेवताना नवरा समोर होता, आणि नवऱ्यासमोर ‘माझं चुकलं’ म्हणायची तिला सवय नव्हती. उद्या सांगू, बाबा एकटे असताना, असं तिने स्वतःला बजावलं. आणि उद्या बाबांनी सकाळीच पुस्तिकेत सूचना परत घालून टाकली. तिने ती वाचली. सगळीकडे एकच कोरडं वाक्य होतं, काम सुरू करण्यापूर्वी पत्ता तपासावा. एकही कोपरखळी नव्हती. चला, झालं, आता कुणाचं नुकसान व्हायचं नाही, असं म्हणून तिने तो दिवसही ढकलला.

नुकसान घरातच सुरू झालं होतं. सासऱ्यांचा थोरला भाऊ शेवटची काही वर्षं कुणालाच ओळखत नव्हता. सासरे भेटायला जात तेव्हा तो त्यांना दुकानातला माणूस समजून चपलांचा भाव विचारायचा. ते भाव सांगत, परत येऊन कुणाशी बोलत नसत. आता ती भीती त्यांच्या अंगात शिरली. ते काहीच म्हणाले नाहीत, पण गॅस बंद केलाय का हे बघायला परत परत आत जाऊ लागले. बाहेर पडताना खिसे चाचपू लागले. बोलता बोलता एखादा शब्द पटकन आठवला नाही तर तो सोडून देत, शोधत नसत.

मुलगाही मग बापावर डोळा ठेवू लागला. आणि डोळा ठेवला की दिसायला काय लागतं? छत्री लायब्ररीत राहिली. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. एकच प्रश्न दोनदा विचारला. यातलं सगळं आधीही होत होतं, पण आता प्रत्येक गोष्टीवर नवरा तिच्याकडे अर्थपूर्ण बघायचा. हा गृहस्थ स्वतः लग्नाचा वाढदिवस किती वेळा विसरलाय, त्याला कुणी आजारी ठरवलं नव्हतं. तिला त्याला झापावंसं वाटे. पण कुठल्या तोंडाने झापणार? ती नजर चुकवून भाजी चिरत बसायची.

एकदा तिने खरंच सुरुवात केली. सासरे स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले होते. “बाबा, ती सूचना आहे ना पुस्तिकेतली...” एवढंच ती म्हणाली. त्यांनी हात वर केला. तो विषय नको, तुला माझ्यासाठी वाईट वाटतं हे कळतं मला, असं म्हणाले आणि पेला विसळून जागेवर ठेवून गेले. ती सुटली. सुटल्यासारखं वाटलं, याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्यानंतर सासऱ्यांनी गाडी चालवणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी तिने चहा नेला तेव्हा त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. मी विचारली तरी देऊ नकोस, म्हणाले. मुलाकडे का देत नाही, असं तिने विचारलं. “तो धांदरट आहे,” ते म्हणाले. “तुझ्या हातून काही सुटत नाही.”

किल्ली तिच्या पर्समध्ये राहिली. कार्यालयात पेन काढायला हात घातला की आधी किल्ली लागायची. त्या दिवसांत पाठ्यपुस्तकांत तिने जवळजवळ काही कापलं नाही. एका लेखकाने तर येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना. भूगोलाच्या धड्यात एकच नदी तीनदा समुद्राला मिळाली होती, तरी तिने ती मिळू दिली.

मग सासऱ्यांनी गटाला कळवलं की पुस्तिका दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा. माझ्यावर विसंबून राहणं लोकांच्या दृष्टीने धोक्याचं आहे. गटाची पत्रं सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पोस्टमास्तर म्हणत. पोस्टमास्तरांचं उत्तर आलं, की घाई करू नका, पण तुमचा निर्णय झालाच असेल तर महिनाअखेर दुसरा माणूस बघतो. इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या खोलीत सकाळी संगणक सुरू नाही असं कधी झालं नव्हतं. सासरे आता खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत. वाचून झालं की घडी उलगडून परत पहिल्यापासून वाचत, लक्षात राहतंय का बघायला. नवऱ्याने स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरची वेळ घेतली.

वेळ घेतली हे त्याने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, इतकी काय घाई. तो म्हणाला, तुला दिसत नाही का? आणि तिला इतकं दिसत होतं की ती गप्प बसली. जाण्याआधी सांगायचं असं ठरवून तिने आठवडाभर रोज सांगायचं टाळलं. कधी ते झोपलेले होते, कधी तिचं डोकं दुखत होतं. निमित्तं काय, मागाल तेवढी मिळतात.

दवाखान्याची खोली लहान आणि स्वच्छ होती. भिंतीवर एक मोठं घड्याळ, टेबलावर कागद आणि टोक केलेल्या पेन्सिली. डॉक्टर बाई शांत आवाजाच्या होत्या. त्यांनी मुलाला आणि सुनेला मागच्या खुर्च्यांवर बसवलं आणि सासऱ्यांना विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय ते सांगा.

सासऱ्यांनी छत्रीचं, चष्म्याचं काहीच सांगितलं नाही. त्यांनी पुस्तिकेचं सांगितलं. गुरांच्या डॉक्टरचं, त्याच्या मुलीच्या फोटोंचं. नीट, क्रमाने, बिघाडाचा अहवाल द्यावा तसं.

“नुसतं विसरलो असतो तर मी आलो नसतो,” ते म्हणाले. “पण मी ते लिहिलं होतं असं मला आठवतंय. जी गोष्ट घडली नाही ती मला आठवते. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं.”

डॉक्टर बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते पेन चालताना तिला दिसलं आणि तिच्याच्याने बसवेना.

“ते घडलं होतं,” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही लिहिलं होतं. मी काढलं.”

तिघांनीही तिच्याकडे बघितलं. तिने सगळं सांगितलं, प्रत्येक प्रकरणावरची सूचना, लाल रेघा, पुनरुक्ती काढली म्हणून वर मारलेली शेखी. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता आभाळ कोसळेल.

काहीच कोसळलं नाही. डॉक्टर बाई समजूतदारपणे हसल्या आणि म्हणाल्या, घरची माणसं असं सांभाळून घेतात, ते स्वाभाविक आहे, पण त्याने निदानाला मदत होत नाही. नवऱ्याने शेजारून तिचा हात दाबला, कृतज्ञतेने. आणि सासरे वळून तिच्याकडे इतक्या मायेने बघत होते की तिला ते सहन होईना.

“ही अशीच आहे,” ते डॉक्टरांना म्हणाले. “माझ्यावर आलेलं स्वतःवर घेते.”

आता मात्र तिला राग आला. स्वतःचा, आणि या सगळ्या चांगल्या माणसांचा. इतके दिवस ती चोरासारखी वावरली तेव्हा कुणाला संशय आला नाही, आणि आता कबूल करते तर हे तिला देवमाणूस करायला निघाले होते. कागद रद्दीत गेले होते. जुनी प्रत नव्हती. दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. होतं ते डोक्यात होतं. जे ठेवलं ते ती विसरायची, पण कापलेलं वाक्य ती कधी विसरत नसे. या धंद्यातला तो शापच म्हणायचा.

“कंपायलरच्या प्रकरणावर काय होतं सांगू?” ती म्हणाली. “‘थांबा. काल जेवलात म्हणून आज उपाशी राहता का? मग पत्ताही आज परत विचारा.’”

सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची माया हलली. ते नीट ऐकू लागले.

“कर्नलच्या प्रकरणावर होतं, ‘थांबा. इथवर आलात म्हणजे हुशार आहात. हुशार माणसंच पत्ता विचारायला लाजतात.’” आता ते आलं होतं, जे वाचून ती हसली होती. “आणि मधल्या एका प्रकरणावर होतं, ‘थांबा. मी म्हातारा आहे, एकच गोष्ट परत परत सांगतो असं...’”

“‘...असं वाटेल,’” सासरे म्हणाले. “‘वाटू द्या. पत्ता विचारा.’”

सासऱ्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, उताणे, आणि त्यांच्याकडे बघत राहिले. नवऱ्याने तिचा हात सोडला होता. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे मी लिहिलं होतं,” सासरे म्हणाले.

“प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं.”

आलोच आहोत तर चाचण्या करून घेऊ, असं डॉक्टर बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्या केल्याही. चित्रं ओळखायची, आकडे उलटे म्हणायचे, घड्याळ काढायचं. सासऱ्यांनी सगळं केलं. या वयात असायला हवं तसंच आहे, काळजीचं काही नाही, असं बाईंनी सांगितलं. नवऱ्याने मोठा सुस्कारा सोडला. सासऱ्यांनी त्यांचे आभार मानले आणि त्यांच्याकडची पेन्सिल जागेवर नीट ठेवली.

बाहेर गाडीपाशी आल्यावर त्यांनी तिच्यापुढे हात केला. तिने पर्समधून किल्ली काढून दिली. ते चालवायला बसले, मुलगा शेजारी, ती मागे. नवरा एकदा मागे वळला, काहीतरी बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून परत समोर बघू लागला. रस्त्यावर शाळा सुटली होती. पोरं घोळक्याने रस्ता ओलांडत होती, त्यांना जाऊ देत सासरे थांबले. गाडी थांबलेली असतानाच ते बोलले, आरशात न बघता.

“रोज सकाळी उठलो की मी आधी तुम्हा सगळ्यांची नावं म्हणून बघायचो. थोरल्या भावाची पुढे नावंच गेली होती. माझं ते म्हणून झालं की तू चहा घेऊन यायचीस. समोर ठेवायचीस. साखर बरोबर आहे का विचारायचीस.”

पोरं निघून गेली आणि गाडी सुरू झाली.

घरी आल्यावर त्यांनी आपल्या खोलीत दुसरी खुर्ची ओढली, संगणक सुरू केला आणि तिला हाक मारली. बस आणि टाईप कर, मी सांगणार नाही, तुलाच पाठ आहे, असं म्हणाले. तिने बसून एकेका प्रकरणावरचं कोरडं वाक्य काढलं आणि त्यांचं जुनं परत घातलं. ते मागे उभे राहून बघत होते. म्हाताऱ्याचं वाक्य आलं तेव्हा तिचे हात अडखळले. पुढे चल, असं ते म्हणाले, तेवढंच. मग सांगितलं की आता बांधून बघायचं, नियम आहे, आणि तुझ्या संगणकावर बघायचं. ती हो म्हणाली. सूट मागायचं तोंड नव्हतं, आणि मागायचीही नव्हती.

त्याच संध्याकाळी तिने गुरांच्या डॉक्टरला आणि गटाला पत्र लिहिलं. सूचना लेखकाने लिहिल्या होत्या, मी त्या काढल्या, लेखक विसरले नव्हते. एकही शब्द जास्त घातला नाही आणि एकही लपवला नाही. पोस्टमास्तरांनी सासऱ्यांना विचारलं, मग पुस्तिका तुमच्याकडेच ठेवायची ना? ते हो म्हणाले. डॉक्टरचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कळवल्याबद्दल आभार, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा. फोटो काही परत येणार नाहीत, पण आता नवे काढून दोन ठिकाणी ठेवतो. ‘परत येणार नाहीत’ हे शब्द तिने पुष्कळदा वाचले.

बांधून बघायला तिला बरेच दिवस लागले. कार्यालयातून येऊन रोज थोडं करायची आणि मुद्दाम संगणक बंद करून उठायची. परत बसली की समोर सासऱ्यांचं वाक्य असायचं आणि ती पत्ता विचारायची. संगणक खरंच विसरलेला असायचा. अडलं तर सासरे येऊन सांगत, व्यवस्थित सांगत, पण पूर्वीसारखं ‘सूनबाई’ म्हणत नसत. नवरा म्हणाला, होईल सगळं पूर्वीसारखं, वेळ दे. तो विनोद सांगू लागला की ती आता शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

एका सकाळी ती चहा घेऊन त्यांच्या खोलीशी आली. दार अर्धवट लोटलेलं होतं. ती ढकलणार तोच आतून आवाज आला. सासरे पलंगाच्या कडेला बसले होते, पाठ दाराकडे, आणि हळू आवाजात नावं म्हणत होते. आधी गेलेल्या बायकोचं. मग थोरल्या भावाचं. मग मुलाचं. मग थांबले. ती कप धरून उभी राहिली.

तिचं नाव शेवटी आलं.

त्यांनी ती नावं पहिल्यापासून परत एकदा म्हटली. नावं संपेपर्यंत ती बाहेरच थांबली. चहावर साय धरली होती. ती चमच्याने काढून तिने दारावर टकटक केलं.